नदीकाठच्या ग्राउंडवरचा गुलाल

मी कोल्हापूरचा, पेठेतला. कुठल्या पेठेतला ते लिहू नका ताई, कारण ते लिहिलं की दुसऱ्या पेठेतला वाचणारा तिथंच पान मिटणार, एवढं आमच्यात फुटबॉलवरनं वाकडं हाय. बाहेरच्या लोकांना वाटतं कोल्हापूर म्हंजे कुस्ती नि तांबडा रस्सा, पण आमच्या तालमीत खाली लाल माती नि वर कपाटात फुटबॉलचे बूट, प्रत्येक तालमीची आपली टीम, आन मॅच असली की गल्लीतली दुकानं अर्धी शटर ओढतात, न्हावी गिऱ्हाईकाची एकच बाजू करून स्टेडियमला पळतो, खोटं न्हाई सांगत. माझे वडील फाउंड्रीत मोल्डर हुते. मॅचच्या दिवशी त्यांची रजा ठरलेली. साहेबानं कारण विचारलं की सांगायचे घरात मयत झालंय, आन टीम हरली की ते अगदीच खोटं पण नसायचं, त्या दिवशी आमच्या घरात कुणी जेवायचं न्हाई.

मी लेफ्ट बॅक. डावा पाय जन्मापासनं चांगला. आई म्हणायची हे कार्टं दार पण डाव्या पायानं लोटतंय, आन वडील म्हणायचे लोटू दे, दार मोडलं तर नवीन करू. ओठावर मिसरूड नव्हतं तवा मोठ्या टीमकडनं खेळलो, शेजारच्या पेठेला हरवलं, आन माझ्यावर पयला गुलाल पडला. गुलाल म्हंजे काय ते तुमास्नी कसं सांगू, तुम्ही पुण्याच्या, तुम्ही म्हणणार मिरवणुकीत असतो तो. तो न्हाई ओ. पोतीच्या पोती फुटतात, नाकात कानात दातात गुलाल, घरी आल्यावर आई आंघोळीला पाणी देती तर मोरी चार दिवस लाल. आन आमच्या तालमीत वस्तादांनी एक रिवाज घालून दिलता, नंतर दुसऱ्या तालमींनी पण तो उचलला. समोरच्या टीममधी जो हरून पण चांगला लढला त्याच्याकडं आपण चालत जायचं आन त्याच्या डोक्यावर मूठभर गुलाल ठेवायचा. म्हंजे त्याला कळावं की बाबा, हरलास खरा, पण तुला आम्ही बघितलं. मला एकदा लावलाय असा, आम्ही हरलेलो असताना, समोरच्या कॅप्टननं. मी तिथंच ढसाढसा रडलो, आन रडून झाल्यावर पोटात इतकं गार वाटलं, काय सांगू तुम्हाला, तेवढं गार मला नंतर जिंकून पण कधी वाटलं न्हाई.

मग गोव्याला गेलो. सेकंड डिव्हिजन. टीव्हीवर दिसतं तसलं काय न्हाई तिथं, एका खोलीत चौघं झोपायचं, एका बादलीत चौघांची मोजी धुवायची, मॅचला माणसांपेक्षा कुत्री जास्त. दर सीझनला नवा क्लब, जर्सी बदलायची, आतला माणूस तोच, गुडघा तेवढा म्हातारा होत चाललेला. नंतर मुंबईत एका कंपनीच्या टीमला लागलो, तिथं जरा बस्तान बसलं, आन एका सकाळी प्रॅक्टिसला गेलो तर मॅनेजर म्हणाला टीम बंद झाली, तुम्ही सगळे आता स्टोअरमधी बसा. मी विचारलं, साहेब, टीम बंद म्हंजे काय, आम्ही तर हितंच उभं हाय की. तो म्हणाला कंपनीची टीम हुती, कंपनीनं बंद केली. गुडघ्याचं लिगामेंट त्याच वर्षी गेलं. प्लास्टर घालून पडलेलो असताना मला पयल्यांदा उमजलं की खेळाडू हा भाडेकरू असतो. आज हाय, उद्या न्हाई. घर असतं कोचचं. तवा मनानं घेतलं की आता मला एक टीम पाहिजे, मोठी नको, नावाजलेली नको, पण माझी पाहिजे, आन तिथनं पुढं माझी सगळी धडपड त्याच एका गोष्टीसाठी झाली. सगळ्यात खालच्या पायरीचं कोचिंगचं लायसन काढलं नि कोल्हापूरजवळ एका निवासी शाळेत लागलो, पण तिथं पण टीम शाळेची, दर जूनला अर्धी पोरं नवी.

लग्न झालं त्याची पण एक गंमतच हाय. अश्विनी सांगलीची, केमिस्ट्रीत पीएचडी करत हुती. मध्यस्थानं तिच्या घरी सांगितलं पोरगा स्पोर्ट्समधी हाय, त्यांना वाटलं स्पोर्ट्स कोट्यातनं सरकारी नोकरीला हाय. खरं कळलं तवा तिचे वडील खवळले, पण तीच म्हणाली, बाबा, मला माझं काम करू देणारा माणूस हवाय, हा देईल. मी पण तिच्या वडलांना तसा शब्द दिला नि तो पाळला बरं का. तिला टोकियोत एका संस्थेत संशोधनाचं काम मिळालं, अथर्व आमचा तवा बालवाडीत, आन मी म्हणालो चल, जाऊया. आमच्या गल्लीतल्या बायका आईला विचारायच्या, सून नवऱ्याला घेऊन गेली व्हय ओ. आई म्हणायची, व्हय, सामानात बसला.

हितं आलो नि विमानतळावर कार्ड मिळालं. अश्विनीनं वाचून दाखवलं, हा माणूस कुटुंबातला म्हणून राहतोय. म्हंजे बायकोच्या जिवावर, दुसरं काय. आम्ही टोकियोतच फुनाबोरीत राहतो, तुमच्या हिगाशी-कसाईपासनं सायकलनं येता येतं. सकाळी ती ट्रेननं संस्थेत जाती, अथर्व शाळेत, आन मी डबे भरायच्या कारखान्यात. बाइतो म्हणतात हितं, थोड्या तासांचं काम, मला परवानगीच तेवढी. पट्ट्यावरनं भाताचे डबे येत राहतात आन मी प्रत्येक भाताच्या मधोमध एक आंबट लाल लोणच्याचं फळ ठेवायचं. मधोमध म्हंजे मधोमध. जरा कडेला गेलं की पुढची नेपाळी बाई बोटानं सरकवती आन माझ्याकडं बघती. स्टेडियम भरून माणसं माझ्या नावानं ओरडलेली हायत ताई, आन मी भातावर टिकली लावतोय. हसा, हसा, मी पण हसतो. पण पयलं वर्षभर हसू येत नव्हतं, टोपी-मास्क घातलेला असायचा म्हणून बरं, तोंड कुणाला दिसायचं न्हाई.

मग अथर्व तिसरीत गेला आन फुटबॉलला जायचं म्हणाला. आमच्या घरापासनं चालत गेलं की आराकावा नदी, नदीला मातीचा उंच बांध, बांधाच्या आत लांबच लांब ग्राउंडं, सगळी सरकारी, अर्ज करून वेळ घ्यायची. तिथं एक लहान पोरांचा क्लब हुता. चालवणारे सगळे पोरांचे बाप, फुकट, आन त्यांचे मुख्य ओगावा-सान, सान म्हंजे आपल्याकडचं राव, रेल्वेतनं रिटायर झालेला सत्तरीचा माणूस, काटक, टोपी कधी न काढणारा. मी कडेला उभा हुतो, एक बॉल बाहेर आला, मी तो सवयीनं डाव्या पायावर झेलला, उतरवला नि परत दिला. बस्स एवढंच. ओगावा-सान माझ्याकडं बघत राहिला. त्याला इंग्रजी येत न्हाई, माझं जपानी तोडकंमोडकं. पुढच्या रविवारी त्यानं आपल्या गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली आन ग्राउंडच्या टोकाला बोट केलं. तिथं उरलेली पोरं हुती. पयल्या टीममधी न बसलेली, कुणी जाडं, कुणी भित्रं, एक तर बॉल आला की डोळे मिटायचं. आमचा अथर्व पण त्यांच्यातच. ओगावा-सान म्हणाला, बाळू-सान, ही तुमची.

ही तुमची. एवढे दोन शब्द ऐकायला मी गोवा, मुंबई सगळं फिरलो हुतो आन ते मिळाले कुठं तर ह्या नदीच्या काठाला, डोक्यावरनं हायवे जाणाऱ्या ग्राउंडवर. घरी आलो तवा अश्विनीनं विचारलं काय झालं, तर मी गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातात दिली.

ती पोरं बोलायचीच न्हाईत ओ खेळताना. पास चुकला की पळत जाऊन एकमेकाला सुमिमासेन म्हणायची, माफ करा, तोपर्यंत समोरचा गोल करून मोकळा. दोघांच्या मधी बॉल आला की दोघं थांबणार, तू घे, न्हाई तू घे. मी म्हणालो हे काय लग्नातलं आग्रहाचं जेवण हाय व्हय. मग मी त्यांना आमच्याकडची आरोळी शिकवली. बॉल आपल्याला पाहिजे तर छाती फाडून ओरडायचं, माझा! जपानी पोरं ती, ळ न्हाई, ज्ञ न्हाई, पण माझा बरोब्बर म्हणायची. पयल्या दिवशी पुटपुटली, महिन्यानं आख्ख्या नदीवर माझा माझा चाललं हुतं, पलीकडं बेसबॉल खेळणारे थांबून बघायचे. जाडं पोरगं बॅकला उभं केलं, ते कुणाला हालंना. डोळे मिटणाऱ्याला रोज शेवटी उभं करून मी हळूहळू बॉल टाकायचो, उघडे ठेव, बघ, तो तुला मारत न्हाई. आयांनी मला भाताचे मुटके करून आणले, बापांनी माझी सायकल दुरुस्त केली. डब्याच्या कारखान्यात मी लोणचं ठेवताना मनात टीम लावायचो. तीन वर्षं, आन मी एकदम सुखी माणूस हुतो, ताई. ते सांगितलंच पाहिजे, न्हाई तर पुढचं कळणार न्हाई.

एवढ्या काळात आमची टीम एक पण मॅच जिंकली नव्हती. आमची पोरं सहावीत गेली, हितं प्राथमिक शाळा सहावीपर्यंत, म्हंजे त्यांचं क्लबातलं शेवटचं वर्ष, आन शेवटच्या स्पर्धेत आम्ही एका तगड्या क्लबला एक गोलनं हरवलं. गोल कुणी केला तर डोळे मिटणाऱ्यानं. त्यांचा गोलकीपर बारकं पोरगं हुतं, पण काय लढलं! एकट्यानं आमचे किती बॉल अडवले, चिखलात लोळून, दात खाऊन. शिट्टी झाली नि ते गोलच्या आतच गुडघ्यावर बसून रडायला लागलं.

आन माझ्या बॅगेत गुलाल हुता. गणपती झाल्यावर निशि-कसाईच्या भारतीय दुकानात उरलेला मी आणून ठेवलता, कधीतरी जिंकलो तर असावा म्हणून, आन दर मॅचला घेऊन जायचो नि परत आणायचो. त्या दिवशी मी तो फोडला. पयल्यांदा माझी पोरं दचकली, मग अशी खिदळली, तोंडं लाल, दात पांढरे, एकमेकाला फासतायत. ओगावा-सानच्या टोपीवर पडला तर तो पण हसला, टोपी काढून बघितली नि परत घातली. आन मग मी वस्तादांचा रिवाज केला. मूठ भरून घेतली आन ग्राउंड ओलांडून त्या रडणाऱ्या गोलकीपरकडं चालत गेलो. त्यांच्या कोचनं मला वाट करून दिली, त्याला वाटलं पोराची समजूत काढायला आलाय. मी त्याच्या डोक्यावर मूठ ठेवली, शाब्बास म्हणालो, आन सोडली.

ते पोरगं रडत हुतं की ओ. रडताना हुंदका घेतात, आत श्वास ओढतात. सगळा गुलाल त्याच्या नाकातोंडात गेला. खोकायला लागलं ते थांबेचना, छातीतनं शिट्टीसारखा आवाज यायला लागला. त्याला दमा हुता, मला काय माहीत. मी घाबरलो, आन घाबरून काय करावं तर बाटली घेतली नि त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, गुलाल जावा म्हणून. गुलालावर पाणी पडलं की काय होतंय ते तुम्हाला माहीत हाय, मला माहीत हाय. त्याच्या आईला माहीत नव्हतं. ती बांधावरनं पळत आली तर तिच्या पोराच्या कपाळावरनं, डोळ्यांवरनं लाल ओघळ चाललेत, पांढरी जर्सी लाल, आन समोर एक परका माणूस, त्याचे हात लाल. ती तिथं मातीतच बसली नि पोराला मांडीत घेतलं. ॲम्ब्युलन्स आली. माझी पोरं कडेला उभी, सगळी लालभडक.

पोरगं बरं झालं, संध्याकाळीच घरी आलं, देवाची कृपा. पण माती काय सुधारली न्हाई. आम्ही सगळ्यांनी फळ्या घेऊन ग्राउंड ओढलं, हितं खेळून झालं की माती सारखी करूनच निघायचं असतं, तर गुलाल पसरतच गेला, आख्खं ग्राउंड गुलाबी. वॉर्ड ऑफिसची माणसं येऊन बघून गेली, नम्रपणे.

दुसऱ्या दिवशी ओगावा-सान सूट घालून माझ्या दारात उभा. हातात मिठाईचे खोके, माफी मागताना द्यायचे, कागदात बांधलेले. मला खुणेनं म्हणाला, सूट. माझा लग्नातला ब्लेझर हुता, बटण लागेना, तसाच घातला. आधी त्या पोराच्या घरी, मग त्यांच्या कोचकडं, मग आमच्या पोरांच्या आईबापांकडं, एकेका दारात. प्रत्येक दारात तो म्हातारा कमरेत वाकायचा आन वाकलेलाच राहायचा, मी त्याच्या शेजारी. मी त्याला म्हणत हुतो, ओगावा-सान, चूक माझी, तुम्ही का वाकता, तर तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा नि पुढच्या दाराकडं चालायला लागायचा. मला तिथं सांगायचं हुतं त्या आईला, की बाई, मी तुझ्या पोराचा मान करायला गेलतो. आमच्याकडं हरलेल्याला एवढा मान कुणाला मिळत न्हाई. तो सगळ्यात चांगला खेळला म्हणून मी गेलो. पण एवढं जपानी मला येत नव्हतं, आन येत असतं तरी त्या दारात ते कसं दिसलं असतं? हितं जिंकलेल्यानं हरलेल्यासमोर हसायचं पण नसतं, ते मला नंतर कळलं. त्यांनी बघितलं काय, तर रडणाऱ्या पोराला जिंकलेला कोच रंग फासून हिणवतोय. ती बाई हसली. म्हणाली, काही हरकत न्हाई, मुलगा बरा हाय, तुम्ही मुद्दाम आलात. सगळीकडं तसंच. कुणी एक शब्द वाकडा बोललं न्हाई.

मी घरी येऊन अश्विनीला म्हणालो, मिटलं बघ. सगळी चांगली माणसं, सगळी हसली. अश्विनीनं चहाचा कप खाली ठेवला नि माझ्याकडं अशी बघायला लागली, जसं दवाखान्यात नातेवाइकांकडं बघतात. म्हणाली, अहो, ती भांडली असती तर मिटलं असतं.

आन तसंच झालं. वॉर्डानं क्लबचं ग्राउंड त्या मोसमासाठी काढून घेतलं. ओगावा-साननं मुख्यपद सोडलं, जबाबदारी माझी म्हणाला, एवढ्या वर्षांचा क्लब त्यानं उभा केलेला. मी त्याच्या घरी गेलो, हात जोडले, आमच्या पद्धतीनं पायाला हात लावायला गेलो तर तो मागं सरला. मी म्हणालो राजीनामा मी देतो, मला काढा, तुम्ही राहा. त्यानं शांतपणे सांगितलं, बाळू-सान, तुमचं नाव कोच म्हणून कुठं नाहीच, तुम्ही मदतीला येणारे पालक होता, तुम्ही काय सोडणार? तो मला हिणवत नव्हता बरं का, मला वाचवत हुता. पण ते ऐकलं आन मी आतनं रिकामा झालो. काढून टाकायला तरी माणूस आधी आत असावा लागतो. तीन वर्षं मी माझी टीम माझी टीम म्हणत हुतो आन ती माझी नव्हतीच, आधीच्या सगळ्यांसारखी ती पण नव्हती.

तरी मला वाटायचं पोरं हायत की. आमच्या मेसेजच्या ग्रुपवर प्रॅक्टिसचं कळायचं. तो ग्रुप गप्प झाला. मी एक रविवार वाट बघितली, दुसरा बघितली, मग बॉलची पिशवी घेऊन ग्राउंडवर गेलो, तर तिथं बेसबॉल चाललेला. नंतर अथर्वच्या फोनवर दिसलं, नवा ग्रुप झालता, शेजारच्या क्लबात सगळी पोरं गेली हुती, प्रॅक्टिस पुलाच्या पलीकडं चालू हुती. मला कुणी येऊ नका म्हणालं न्हाई. हे लिहा ताई, कुणीच म्हणालं न्हाई. म्हणालं असतं तर मी भांडलो असतो, रडलो असतो, पाय धरले असते. आता कुणाशी भांडू? दोन आठवडे कारखान्यात माझं लोणचं भाताच्या बाहेर जायचं, ती नेपाळी बाई माझ्या वाटणीचं पण नीट करायची.

आन अथर्व. तो आता बारा वर्षांचा हाय. मी मराठीत बोललो की तो जपानीत उत्तर देतो, अश्विनीला कळतं, मला निम्मं. शाळेत पोरं त्याला लाल लाल म्हणून चिडवायची, ते त्यानं आम्हाला सांगितलं पण न्हाई, बाईंनी सांगितलं. नव्या क्लबची पयली मॅच हुती, मी बूट घालत हुतो, तर तो दारात आडवा उभा राहिला नि स्वच्छ मराठीत म्हणाला, पप्पा, तुम्ही येऊ नका. किती दिवसांनी मराठी बोललं पोरगं, आन बोललं तर ते. मी म्हणालो नुस्ता उभा राहीन, तोंड उघडणार न्हाई. तो म्हणाला, तुम्हाला नाही जमणार. खरं हाय ते. अश्विनी त्याला रागावायला लागली, मी म्हणालो राहू दे, जाऊ दे त्याला. दार लागलं नि मी तिथंच बूट घालून बसून राहिलो. ती म्हणाली, मी सोडते हे काम, आपण परत जाऊ, तुमचं असं बघवत नाही मला. मी तिच्यावरच ओरडलो, तुझ्या बापाला मी शब्द दिलाय. आता तिच्या कामाची मुदत पण वाढली, संस्थेतले लोक मला भेटले की अभिनंदन करतात. मी थँक्यू म्हणतो. अजून किती वर्षं भातावर लोणचं, ते मनात मोजतो नि थँक्यू म्हणतो.

आन अशातच मागच्या महिन्यात कोल्हापूरहनं आण्णाचा फोन आला. आण्णा म्हंजे आमच्या तालमीचा अध्यक्ष, माझ्याबरोबर सेंटर हाफ खेळायचा. म्हणाला, बाळ्या, कोच सोडून गेला, सीझन तोंडावर आलाय, तू ये, टीम तुझी, कुणी मधी बोलणार न्हाई. तुम्ही समजू शकता का ताई, मला काय झालं असंल? आख्खा जन्म मी त्या एका फोनसाठी जगलो. मी आण्णाला म्हणालो आठ दिवस दे. अश्विनी म्हणाली जा, मी सांभाळते दोन्ही, खरंच जा. मी अथर्वला विचारलं, मी कोल्हापूरला गेलो तर चालंल का तुला? त्यानं फोनमधनं डोकं पण वर केलं न्हाई, जपानीत काहीतरी बोलला. अश्विनीनं सांगितलं, म्हणतोय, मला काय त्याचं. मी म्हणालो ठीक हाय. बॅग पण काढली माळ्यावरनं.

जायच्या आधी एकदा बघून घ्यावं म्हणून त्या रविवारी मी पुलापलीकडं गेलो. ग्राउंडवर न्हाई गेलो, बांधावर हायवेचा खांब हाय जाडजूड, त्याच्या मागं उभा राहिलो, चोरासारखा. अथर्वला त्यांनी लेफ्ट बॅकला घातलाय. मी त्याला कधी घातलं नव्हतं तिथं, लोक म्हणतील बापानं आपली जागा दिली म्हणून. पोरगं चांगलं खेळतंय ओ. डावा पाय तसाच हाय, आमचा. पण त्याला वर जायची खाज हाय, बॉल दिसला की पुढं पळतो नि मागची सगळी बाजू उघडी टाकतो, आन तिथनंच त्यांना गोल झाला. त्याच्या कोचला ते दिसत न्हाई, चांगला माणूस हाय, टाळ्या वाजवतो. गोल झाल्यावर अथर्व मागं वळून त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिला, त्याला कळंना ते कुठनं आले. मला कळत हुतं. मी शर्टाची बाही दातात धरली नि आवाज काढला न्हाई. आख्खी मॅच न्हाई काढला. मला जमलं.

मी ती बॅग परत माळ्यावर टाकली. आता दर रविवारी मी त्या खांबामागं असतो, अश्विनीला माहीत हाय, अथर्वला न्हाई. बरं वाटतंय असं न्हाई म्हणणार, कारण वाटत न्हाई. पोराचे गुडघे शाबूत राहू देत, त्याला कुणाच्या दारात वाकायची पाळी न येवो, एवढंच मागतो. आठवड्यानं आण्णाचा फोन आला, मी म्हणालो, जमत न्हाई आण्णा, हितं माझी टीम हाय. तो चिडला, म्हणाला, कोल्हापूर सोडून तिथं असली कसली मोठी टीम हाय रं तुझी, किती पोरं हायत? मी म्हणालो एक. आण्णा हसला, त्याला वाटलं चेष्टा करतोय. म्हणाला, बरं बाबा, मग त्याला तरी चांगला तयार कर. मी व्हय म्हणालो. ते एक पोरगं मला ग्राउंडवर येऊ देत न्हाई, ते काय मी आण्णाला सांगितलं न्हाई.